काचेवरची पांढरी रेघ

पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं, काचेवर ओरखडा पडला. रात्रीचे साडेदहा वाजले होते, लाइट गेली होती. मोबाइलचा टॉर्च टाकीवर धरला, तर ओरखडा सावकाश पुढे सरकला. मग दुसरा सरकला. मोजत मोजत सतरावर आलो आणि टॉर्च बंद केला.

खरं तर मला ही टाकी घ्यायचीच नव्हती. दहावीतल्या लेकीने मोबाइलवर समुद्री प्रवाळांची टाकी पाहिली आणि हट्ट धरला. चंद्रपूरला गेलो तेव्हा दुकानदाराने सरळ विचारलं, "भाऊ, कोरलला पाणी पंचवीस-सव्वीस डिग्रीचं लागते. तुमच्या अहेरीत मे महिन्यात काय करणार?" शिवाय दगडी प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो समुद्रातून काढून विकायला बंदी आहे, हेही त्यानेच सांगितलं. शेवटी दोन फुटांची गोड्या पाण्याची टाकी आणि दहा गप्पी मासे घेऊन मी एसटीत बसलो.

टाकी भकास दिसत होती. म्हणून वांगेपल्लीला प्राणहितेच्या काठावर गेलो, पाणवनस्पतींचा एक जुडगा उपटून आणला, नळाखाली धुतला आणि दिला सोडून. पानांमागे मोहरीएवढे तपकिरी दाणे चिकटलेले होते. झाडाचं बी असेल, असं वाटलं. लेकीला कौतुकाने दाखवलंही.

ओरखडे सरकायला लागल्यावर मी दाढीचं ब्लेड घेतलं. रोज रात्री काचेवरून खरवडायचं, दिसेल त्याचे दोन तुकडे करायचे. आठवडाभर हे शौर्य चाललं, आणि किडे वाढतच गेले. एका रात्री लेक मागे येऊन उभी राहिली. आत गेली आणि विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. "बाबा, हा प्लॅनेरिया आहे. पुनर्जननाच्या धड्यात आहे. तुम्ही एकाचे दोन करून राहिले."

त्रिकोणी डोकं, त्यावर तिरळ्यासारखे दोन डोळे, चपटं अंग: चित्र हुबेहूब होतं. मॉर्गन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवलं होतं, की अंगाच्या 279 व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही हा प्राणी पुन्हा उभा राहतो. मी तर त्याला अर्धं अर्धं अंग देत होतो. आणि ती मोहरी म्हणजे त्याच्या अंड्यांच्या पिशव्या!

मग मला सगळीकडे किडेच दिसू लागले. वाळूत केसासारखे पांढरे धागे वळवळत होते. ते निरुपद्रवी, कुजकं खाऊन जगणारे निघाले. घसरत जातो तो प्लॅनेरिया, वळवळतो तो साधा, एवढं समजायला चार दिवस गेले. गप्पींच्या शेपटीखालून लाल दोरे लोंबत असतील तर तो आतड्यातला जंत, असं कळल्यावर मी सकाळ-संध्याकाळ दहाही माशांची मागची बाजू तपासू लागलो. बायकोने या विषयावर बोलणं सोडून दिलं.

गुरांना जंतासाठी देतात ते फेनबेंडाझोल प्लॅनेरियावर चालतं. पण त्याने गोगलगायीही मरू शकतात, आणि माझ्याकडे दोन होत्या. तेवढ्यात शेजारचे ढिवर काका आले. जन्म नदीवर गेलेला माणूस. टाकीच्या तळाकडे पाहत म्हणाले, "कोणाले चारतेस गा तू? मासोळ्यायले, का किड्यायले?"

तळाशी दाण्यांचा थर साचला होता. मी दिवसातून तीनदा चिमूट चिमूट टाकत होतो. मासे उपाशी राहू नयेत म्हणून. किडा मी नदीवरून आणला होता हे खरं, पण त्याला पोसला होता घरच्या मायेने.

आता खाणं एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला नळीने तळ उपसून पावपट पाणी बदलतो. औषधाच्या छोट्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून, आत ताज्या झिंग्याचा तुकडा ठेवून रात्री टाकीत सोडली. सकाळी आत पांढरा गुंता होता. बाटली तशीच उचलून उकळत्या पाण्यात. ब्लेड पुन्हा दाढीला लागलं.

समुद्री टाकीवाल्यांचंही दुखणं हेच, असं नंतर कळलं. त्यांचे चपटे किडे प्रवाळाच्या तुकड्यावर किंवा दगडावर बसून येतात. तेही नवा तुकडा औषधाच्या पाण्यात बुडवतात, अंडी हाताने खरवडतात आणि वेगळ्या टाकीत ठेवून वाट पाहतात. माझी वेगळी टाकी म्हणजे ओसरीवरची पांढरी बादली. नवी वनस्पती आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग महिनाभर बादलीत. त्या औषधाने अंडी मरतीलच असं नाही. पण ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात, आणि फुटली की दिसतात.

परवा अकराव्या दिवशी बादलीच्या कडेला ती रेघ दिसली. मी ब्लेड शोधलं नाही. बादली परसात नेली आणि तापलेल्या कोरड्या मातीवर उलटी केली. लेक दारातून म्हणाली, "बाबा, ती मोहरी होती का?"

"होती," म्हटलं. "या वेळी मोजूनच आत ठेवली होती. सहा."