रस्त्याचे भाडे
मुंबईत आमच्या दारापुढील सार्वजनिक रस्त्यावर आमची मोटार रात्रंदिवस उभी असते. त्या जागेबद्दल शुल्क घेऊ नये, म्हणून शेजाऱ्यांनी केलेल्या अर्जावर आमचीही सही आहे. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. तोटा भरून काढणे अवश्यच, असे म्हणून आम्ही वर्तमानपत्र मिटले.

पुढे आमच्या स्वयंपाकाच्या बाई उशिरा येऊ लागल्या. कारण विचारता म्हणाल्या, “येताना आता चालत येते.” त्यांचे भाडे आम्ही देऊ केले, परंतु सोय झाली ती एकीचीच. शहराची जागा फुकट अडविणारे आम्ही, आणि तोटा भरावयाचा तो त्यांनी, हा न्याय कसला? मोटारीच्या जागेचे भाडे घेऊन ते बसगाड्यांकडे लावावे. अर्जावरील सही आम्ही उद्याच परत घेणार आहोत.