मांडवीवरील द्यूतनौका

नागोठणे सोडून गाडी रोह्याकडे निघाली म्हणजे वाटेत निडी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. लांब पल्ल्याच्या गाड्या येथे थांबत नाहीत. त्यामुळे पुष्कळ प्रवाशांनी आमच्या गावाचे नाव धावत्या गाडीतून पाटीवरच काय ते वाचले असेल. पावसाळ्यात भाताची हिरवी खाचरे, भात निघाल्यावर मागच्या ओलीवर पेरलेले वाल, आणि थंडीत शेताच्या बांधावर लागणारी पोपटी, एवढेच या टापूचे वैभव. आमचे आयुष्य याच परिसरातील मुलांस संस्कृत व गणित शिकविण्यात गेले.

द्यूताशी आमच्याकडील घरांचा संबंध म्हणजे गोकुळाष्टमीच्या रात्री जागरणासाठी मांडलेला पत्त्यांचा डाव. पणास चिंचोके. पहाटे हरलेल्याचे व जिंकलेल्याचे चिंचोके एकाच डब्यात परत जात, आणि तेथेच त्या द्यूताचा शेवट होई. परंतु गेली काही वर्षे रोहे-पेण भागातील तरुण मंडळी सुट्टी लागताच गोव्यास जातात, आणि परत आल्यावर समुद्रकिनारा किंवा मंगेशीचे देऊळ यांपेक्षा मांडवी नदीतील बोटींचेच वर्णन अधिक करतात. कोणी एका रात्रीत वीस हजार जिंकला, कोणी पन्नास. हरून आलेला मनुष्य मात्र आम्हांस कधी भेटला नाही. जिंकल्याची वार्ता गावभर होते. हरल्याची वार्ता बँकेच्या पुस्तकापलीकडे जात नाही.

धाटावच्या एका कारखान्यात नोकरी करणारा आमचा पुतण्या याच मंडळींपैकी. आम्ही त्यास दोन शब्द सांगावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहा, मग काय ते बोला.” हे म्हणणे न्यायाचे होते. प्रत्यक्षावाचून अनुमान करू नये हे आम्हीच त्यास लहानपणी शिकविले होते. तेव्हा गेल्या माघात आम्ही उभयतांनी रोह्यास दिवा-सावंतवाडी गाडी धरली.

कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यासच होतो. तेथून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सर्वत्र खुला झाला. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या ओलांडीत, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरांच्या बोगद्यातून गाडी दक्षिणेस जाते. आमच्या वडिलांच्या पिढीस गोव्यास जावयाचे तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरावी लागे. बोट म्हटली की त्या पिढीच्या मनात पोटासाठी केलेला प्रवास व समुद्राची भीती या दोन गोष्टी येत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि शेकडो माणसे गेली. ती हकीकत आमच्या लहानपणी घराघरांतून सांगितली जात असे. केवळ पैसे लावण्यासाठी बोटीवर चढावे, ही कल्पना त्या पिढीस समजलीच नसती.

सावंतवाडीहून एस्टीने पणजी गाठली तेव्हा दिवेलागण होत होती. आदिलशहाच्या जुन्या वाड्यासमोर मांडवीचे पात्र रुंद व संथ आहे. पलीकडे बेती, त्याच्या पश्चिमेस रेइश मागुशचा किल्ला. त्या पात्रात पाच-सहा मोठ्या नौका नांगर टाकून उभ्या असतात. अंधार पडताच त्यांच्यावरील लाल, निळे, जांभळे दिवे पाण्यात उतरतात आणि सारी नदी लग्नघरासारखी दिसू लागते. त्यांच्यामधूनच पणजी-बेतीची फेरीबोट दिवसभर राबलेल्या माणसांस घेऊन जात-येत असते. तीवर दिवे थोडे, परंतु ती प्रवाशांस खरोखरच कोठेतरी पोहोचविते. शेजारच्या नौका रात्रभर जागच्या जागीच असतात.

ही द्यूतगृहे पाण्यावर का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. द्यूतगृहांस परवाने देण्याचा एक कायदा आपल्या विधिमंडळाने १९७६ साली केला होता. तो अमलात कधी आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्याच्या कायद्याचेही साल १९७६च; परंतु १९९२ च्या दुरुस्तीने तेथे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर पत्ते, फिरते चक्र वगैरे खेळांस. म्हणजे जमिनीवर जे नको वाटले ते पाण्यावर चालेल असे ठरले. पुढे फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांस या नौकांवर खेळण्याची बंदी झाली. पाहुण्यांस आग्रहाने वाढावयाचे आणि घरच्या मुलांस त्या पानावर बसू द्यावयाचे नाही, अशा यजमानाविषयी काय समजावे हे सुज्ञांस सांगणे नलगे.

धक्क्यावरून लहान होडीने आम्हांस नौकेवर नेण्यात आले. आत गालिचे, गारवा, गाणे आणि प्रवेशमूल्यातच समाविष्ट असलेले भरपूर भोजन. खिडक्या झाकलेल्या, घड्याळ आम्हांस कोठे दिसले नाही. नोकरवर्ग अत्यंत विनयशील, हरणाऱ्याशी अधिकच. रोख पैसे देऊन रंगीत चकत्या घ्यावयाच्या व त्यांनी खेळावयाचे. ही चकतीची योजना करणारा मनुष्य मनुष्यस्वभावाचा मोठा जाणता असला पाहिजे. पाचशेची नोट देताना हात जरा अडखळतो. तितक्याच मोलाची चकती पुढे सरकविताना तो अडखळत नाही.

आम्ही खेळलो नाही. वही व पेन्सिल घेऊन पुतण्याच्या मागे उभे राहिलो व जे घडले ते वेळेसह टिपले. साडेआठास त्याने दहा हजारांच्या चकत्या घेतल्या. पावणेदहास त्याच्यापुढे सोळा हजार चारशे होते. “काका, आता उठलो तर सहा हजार चारशे फायदा,” तो म्हणाला. “मग ऊठ,” आम्ही म्हणालो. “आत्ता कुठे हात बसतोय!” साडेअकरास सात हजार राहिले; एकास काहीच नाही. मग त्याने आणखी आठ हजारांच्या चकत्या आणल्या. तीन वाजता तो उठला तेव्हा हातात साडेतीन हजार होते. एकूण तोटा साडेचौदा हजार. वहीतील टिपणांची बेरीज केली तेव्हा मात्र आम्ही चकित झालो. अठरा हजार घेऊन बसलेल्या त्या मुलाने त्या रात्री पुन्हा पुन्हा मिळून दोन लाखांवर पण लावला होता.

त्याच रात्री शेजारच्या टेबलावर एका तरुणास तीन लाख मिळाले. टाळ्या झाल्या, आजूबाजूची मंडळी उठून पाहावयास आली. त्याच वेळी दालनात निदान दोनशे माणसे हरत होती. त्याचा काही आवाज होत नव्हता. गावात आम्ही जे ऐकत होतो ते का तसेच ऐकू येत होते, हे तेथे कळले.

महाभारतात नलराजास ऋतुपर्णाने जी अक्षविद्या दिली, तिच्याआधी त्याने बेहड्याच्या झाडाची पाने व फळे अचूक मोजून दाखविली होती. फाशांची विद्या म्हणजे मोजण्याची विद्या, हे मर्म त्या कथेत आहे. तेव्हा आपणही थोडे मोजू. फिरत्या चक्रावर शून्यासह ३७ घरे असतात. आपण लावलेला आकडा आला तर पण परत मिळून वर पस्तीसपट मिळते. ३७ वेळा शंभर-शंभर रुपये लावले तर लागले ३,७००. सरासरीने आकडा एकदा येणार, तेव्हा हाती आले ३,६००. शंभर रुपये नौकेचे. शेकडा पावणेतीन हा वाटा दिसावयास लहान आहे. परंतु तो खिशातल्या रकमेवर नव्हे, तर लावलेल्या प्रत्येक पणावर पडतो. तेच अठरा हजार फिरत फिरत दोन लाख झाले की वाटाही त्या मानाने वाढतो. शिवाय खेळणाऱ्याची गाठ रिकामी झाली की त्यास उठावे लागते. नौकेस कधी उठावे लागत नाही.

पुतण्याच्या एका मित्राजवळ ‘खात्रीची युक्ती’ होती. लाल रंगावर शंभर लावावयाचे. हरल्यास दोनशे, पुन्हा हरल्यास चारशे, याप्रमाणे दुप्पट करीत जावयाचे. जेव्हा लाल येईल तेव्हा सर्व भरून शंभर रुपये वर राहतात. हिशेब खरा आहे. परंतु लागोपाठ सात वेळा हरल्यास १२,७०० रुपये गेलेले असतात आणि शंभर रुपयांच्या लाभासाठी आठव्या खेपेस १२,८०० लावावे लागतात. असा सात हारींचा योग साधारण शंभर प्रयत्नांत एकदा येतो. म्हणजे नव्याण्णव वेळा मिळून ९,९०० जोडावयाचे व एकदाच १२,७०० घालवावयाचे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या द्यूतगृहात काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. ‘आता लाल आलाच पाहिजे’ म्हणून लोकांनी अफाट रकमा लावल्या आणि गमावल्या. मागे काय आले हे चक्रास ठाऊक नसते. ते आठवण ठेवते असे केवळ खेळणाराच मानतो.

आता राजसत्तेचा भाग. द्यूत एकाच नेमल्या जागी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा आणि जिंकलेल्या द्रव्यापैकी शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहून ठेविले आहे. म्हणजे परवाना व कर या कल्पना नव्या नाहीत. दर मात्र नवे आहेत. चकत्या घेण्यास दिलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० वस्तू-सेवा कर आहे. जिंकलेल्या रकमेवर शेकडा तीस प्राप्तिकर निराळा, आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. कोणाच्या हातून भरला जावो, हा पैसा अखेर खेळणाऱ्याच्याच गाठीचा.

हे सारे गणित कळूनही मनुष्य का उठत नाही? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळून एका रिकाम्या देवळात जातो आणि देवाच्या जागी मूर्तीसारखा उभा राहतो. त्यास शोधणारे तेथेच फासे टाकू लागतात. तो आवाज कानी पडताच मूर्तीस राहवत नाही, ती बोलून जाते आणि सापडते. “आत्ता कुठे हात बसतोय” हे शब्द ऐकले तेव्हा आम्हांस त्या मूर्तीचीच आठवण झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात तर त्याही पलीकडचे चित्र आहे: दुरावलेली पत्नी, तिरस्कार करणारी सासू, पाठ फिरविणारे आप्त, आणि शेवटी त्या मनुष्यास शेतीकडे वळण्याचा उपदेश. त्या सूक्तात फाशांइतकेच घरच्या माणसांविषयी सांगितले आहे, हे विशेष.

आम्हांस या लेखात जे सांगावयाचे आहे तेही हेच. एकट्याचा असा पण नसतो. परतीच्या गाडीत पुतण्या बराच वेळ बोलला नाही. चिपळूण गेल्यावर त्याने सांगितले की दुसऱ्या खेपेचे आठ हजार मुलीच्या शाळेच्या शुल्कासाठी ठेवलेले होते. ते त्याने घरी पत्नीस स्वतः सांगितले, आणि पुढील तीन महिन्यांत भरून काढले. आठ हजार भरून निघतात. परंतु आमच्या टापूत रस्त्यासाठी, कारखान्यासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याच्या रकमा हाती आल्या. आणि अशा एका घरातील थोरल्या मुलाने पाच-सात गोवावाऱ्यांत तीन भावांच्या वाट्याची रक्कम मांडवीत सोडली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ते घर आज तीन चुलींवर चालते. जमीन आजोबांची होती. पण लावताना त्यांस विचारणारे कोणी नव्हते.

आपल्या धर्मशास्त्रकारांस हा धोका पूर्ण ठाऊक होता. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे असे सांगणाऱ्या याज्ञवल्क्यानेच मद्य व द्यूत यांपायी झालेले ऋण पुत्राने फेडू नये असे सांगितले. केवळ पुत्र म्हणून पित्याचे ऋण फेडण्याचे ते बंधनही २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने पुढील ऋणांपुरते उठले. कायद्याने पुत्र सुटला. गेलेले शेत मात्र कोणत्याही कलमाने परत येत नाही.

मुलांस गोव्यास जाऊ देऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. तो प्रदेश रम्य आहे आणि आता एका दिवसाच्या अंतरावर आहे. परंतु एकत्र घरांनी दोन गोष्टी कराव्यात. सामाईक रक्कम एका सहीने निघू नये, दोन सह्या लागाव्यात. आणि हरून आलेल्या मुलास घरात खरे बोलण्याची सोय असावी. त्याने रक्कम सांगितली तर प्रथम ती लिहून घ्यावी, रागावण्याचे काम दुसऱ्या दिवशी करावे. हार लपवावी लागली की ती भरून काढण्यासाठी मनुष्य पुन्हा त्याच होडीत बसतो. आणि नौका नांगर टाकून त्याची वाट पाहत उभीच असते.