हा वाटा कुणाचा?

माणसाने माणसाशी काही कारण नसताना जवळीक साधावी, अशी निमित्ते आपल्या ग्रामीण जीवनात फार थोडी असतात. देवळाच्या पारावर वय आणि मान पाहून बसावे लागते, चावडीत प्रत्येकाचे गाऱ्हाणे त्याच्याआधी येऊन बसलेले असते, आणि लग्नाच्या मांडवात नात्याची उतरंड पंगतीच्या पहिल्या पानापासूनच सुरू होते. नीरेच्या काठी गळ टाकून बसलेल्या मंडळींत मात्र ही उतरंड मला कधी दिसली नाही. मासेमारी आणि शिकार या विषयांवर जे लिहिले जाते ते बहुधा मारणाऱ्याच्या कौशल्याविषयी असते. माझ्या मनात जे घर करून राहिले आहे ते कौशल्य नव्हे, तर त्यानंतरची वाटणी.

कोऱ्हाळे बुद्रुक हे दोन पाण्यांच्या मधले गाव आहे. एका अंगाला नीरा वाहते. ती भोरच्या डोंगरांतून निघून, आधी सातारा आणि पुढे सोलापूर जिल्ह्याशी पुणे जिल्ह्याची हद्द आखीत, इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. दुसऱ्या अंगाला डावा कालवा आहे. 1876-77 च्या दुष्काळाने सरकारचे डोळे उघडल्यावर तो खोदला गेला, 1885 साली वाहता झाला, आणि त्यानेच या जिराईत मुलखाचा उसाचा मुलूख केला. इंजिनिअरांनी तो पिकांसाठी आखला हे खरे. परंतु धरणातून सुटलेल्या पाण्याबरोबर मासेही खाली उतरतात, आणि आवर्तन संपून कालवा बंद झाला की मोऱ्यांपुढच्या खोलगट जागी जी डबकी उरतात, त्यांत अडकलेल्या माशांवर गावच्या पोरांचा हक्क असे. ही वहिवाट कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नव्हती. तरी पाटकरीसुद्धा ती मानीत असे. मरळ तेवढी शेवटपर्यंत हाती लागत नसे, कारण वरच्या हवेत श्वास घेण्याची सोय निसर्गाने तिला दिलेली असल्यामुळे इतर मासे निपचित पडल्यावरही ती चिखलात तग धरून राही आणि पायाखालून सळकन निसटे.

खरी मासेमारी मात्र नदीवरची. पावसाळा सरून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसले, पाणी तुंबून संथ झाले, आणि दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईची माणसे घरी आली, की वडील आदल्या रात्रीच गळाच्या काठ्या उतरवून दोरे तपासायला बसत. सकाळी निघताना शाळेतले मास्तर, वडिलांचे दोन-तीन मित्र, आम्ही चुलत-मावस भावंडे आणि भोई आळीतले अण्णा अशी मंडळी जमे. काठीला भेंडाचा तरंगा, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढाच आमचा सरंजाम. अण्णांचे शास्त्र निराळे होते. पाण्याच्या कातडीवर उमटलेल्या एखाद्या सुरकुतीवरून खाली शिंगाडा आहे की चिलापीचा थवा, हे ते सांगत. आणि फेकजाळ्याची एक कड दातांत धरून, अंगाला अर्धा वळसा देऊन ते जाळे फेकीत तेव्हा शिशाचे मणी लावलेला त्याचा घेर हवेत पुरता उलगडून सर्व बाजूंनी एकाच क्षणी पाण्याला टेकत असे. मास्तर आम्हाला वर्गात वर्तुळ शिकवीत. पण त्या काठावर ते स्वतः अण्णांच्या पायाशी बसून जाळ्याची गाठ शिकत, आणि त्यात त्यांना किंवा आम्हाला काहीही वावगे वाटत नसे.

या मंडळींत माझे चुलते, तात्या, असत, आणि ते माळकरी होते. सासवडहून निघालेली संत सोपानकाकांची पालखी आमच्याच रस्त्याने पंढरीकडे जाते. तिच्याबरोबर ते चालत, आणि गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून त्यांनी मासा-मटणाला स्पर्श केला नव्हता. तरीही नदीवर जाताना त्यांना वगळण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे, आणि त्यांनीही कधी नाक मुरडले नाही. आपली भाकरी आणि ठेचा वेगळ्या फडक्यात बांधून ते येत, वाऱ्याची दिशा पाहून चुलीपासून दूर बसत, हरिपाठ म्हणत, पोरे खोल पाण्याकडे सरकली की हाक मारीत. दिवस कलल्यावर मात्र सगळे त्यांच्याकडे वळत, कारण वाटणी तात्यांची.

पकडलेले सगळे मासे एकत्र ओतले जात आणि कोणी किती धरले हा हिशेब तेथेच संपे. अण्णांच्या जाळ्यातली ढीगभर चिलापी आणि एखाद्या पोराच्या गळाला दिवसभरात लागलेले बोटभर मासोळे एकाच राशीत पडत. मग एरंडाची पाने पसरून त्यांवर वाटे घातले जात. मोठी वाम किंवा मरळ असली तर ती कापून तिचे तुकडे सगळीकडे पोचतील असे पाहिले जाई. आणि वाटे डोळ्यांनी सारखे झाले की तात्या नदीकडे तोंड आणि वाट्यांकडे पाठ करून उभे राहत. कोणी तरी एका पानावर बोट ठेवून विचारी, “हा वाटा कुणाचा?” आणि तात्या नाव घेत. ज्याचे नाव येईल त्याने तो निमूट उचलायचा. ज्या मनुष्याला त्यातले काहीच खायचे नव्हते, त्याच्याच जिभेवर ही नावे ठेवण्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी जे शहाणपण दाखवले, ते मला पुढे अनेक कचेऱ्यांत आणि अनेक संस्थांच्या सभांत सापडले नाही. नावे तरी कोणाची असत? काठावर नुसत्या झोपा काढणाऱ्याचे नाव असे, ज्याच्या बांधावर आम्ही बसलो त्याचे असे, घरी एकट्या राहणाऱ्या शेजारच्या म्हातारीचे असे. तात्यांच्या स्वतःच्या नावाचाही एक वाटा घातला जाई, आणि गावात ज्या घरी बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या घरचे नाव ते त्यावर घेत.

चढणीच्या माशांच्या बाबतीतही त्यांचाच शब्द चाले. मृगाच्या सरी कोसळून ओढ्यांना लाल पाणी आले की गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात, आणि त्या वेळी त्यांना पकडणे इतके सोपे असते की हाती काठी घेतली तरी पुरे. हाच पालख्यांचा काळ. तात्या वारीला निघण्यापूर्वी आम्हा पोरांकडून कबुली घेत, की ते परत येईपर्यंत कोणी ओढ्यात उतरणार नाही. मागे उरलेला श्रावण घरातल्या बायका सांभाळीत. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यातल्या चढत्या पाण्यातच अंडी घालतात, हे पुस्तकातून मला फार उशिरा कळले. तात्यांनी त्या माशांच्या पिल्लांचाही एक वाटा मनात धरला होता, एवढेच मी म्हणेन.

बदकांच्या शिकारीला आम्ही शिर्सुफळच्या तलावावर जात असू. पौषातल्या पहाटे, अंधार असतानाच, पाणकणसांच्या आडोशाला ओलसर मातीवर बसावे, बोलणे वर्ज्य असावे, आणि पूर्वेला फटफटू लागताच आधी पंखांचा आवाज यावा, मग आकृती दिसाव्यात: थापटे, तलवार बदके, हळदी-कुंकू, आणि जोडीने फिरणारे चक्रवाक. त्या पहाटेचा आनंद मी नाकारणार नाही. अंगातला कण न् कण जागा करणारा तो आनंद होता. वडिलांकडे परवान्याची दुनळी बंदूक होती आणि त्यांचा नियम असा की बसलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही आणि भांड्यात मावेल त्याहून अधिक मारायचे नाही. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी, ज्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात, त्याच्यावर तात्यांसाठी कोणी नेम धरीत नसे. वाटणी येथेही तशीच होई, आणि थंडगार पाण्यात पोहून पडलेले बदक आणणाऱ्याचे नाव बंदूकवाल्याच्या आधी घेतले जाई. कोकणातल्या गावशिकारीतही हाकारे घालणाऱ्यांना वाटा असे. त्या वाट्यावाचून शिकार ही केवळ एकट्याची हिंसा उरते, असे माझे ठाम मत आहे.

भरतपूरच्या केवलादेव मंदिराजवळ जुन्या बदक-शिकारींची नोंद करणाऱ्या शिळा आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत तेथे एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. पाहुण्याचे नाव, बंदुका, मेलेले पक्षी हे सारे त्या दगडांवर कोरले आहे; हे पक्षी कोणाच्या चुलीवर गेले, हे कोरावेसे कोणाला वाटले नाही. अशा माणसांच्या हाती बंदूक राहू नये म्हणून कायदा हवाच होता. मुंबई राज्याने 1951 साली वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा केला, 1972 साली देशाचा कायदा आला, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची उरलीसुरली मुभाही संपली. वडिलांनी त्याच्या कितीतरी आधी बंदूक ठाण्यात जमा केली होती. ते कुरकुरले नाहीत. थंडीत शिर्सुफळला जाणे मात्र त्यांनी सोडले नाही.

आता आमची मंडळी भिगवणच्या बाजूस जाते. 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले, भीमेचे पाणी पसरले, गावे उठली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. आणि ज्या उथळ कडांखाली कोणाची तरी काळी रानेच बुडाली आहेत, त्या कडांवर आज रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब चरतात. कुंभारगावचे नावाडी मासेमारीही करतात आणि पाहुण्यांना पक्षीही दाखवतात. ते दुर्बीण न लावता पक्षी ओळखतात, तेव्हा मला अण्णांची आठवण होते. माझे पुतणे त्यांना भाड्याचे पैसे देतात आणि डब्यातली भाकरीही देतात. परतताना भिगवणच्या बाजारातून मासे घेतले जातात, आणि तराजूवर तोलून घेतलेले ते मासे घरी आल्यावर पुन्हा वाट्यांनीच शेजारी जातात.

नीरेवर मात्र हल्ली उन्हाळ्यात मन रमत नाही. पाणी काळे पडते, त्याला मळीचा वास येतो, आणि एखाद्या सकाळी बंधाऱ्याच्या भिंतीशी मेलेल्या माशांचा थर तरंगताना दिसतो. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले? ज्यांच्या मोटारी पाणी उपसतात त्यांच्या नव्हे. त्यांना पाणी पाइपातून दिसते. गळ घेऊन काठावर बसणाऱ्यांनीच ते ओळखले. मासे मरण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच ते वर येऊन तोंडे उघडू लागले आहेत, असे अण्णांच्या नातवाने गावात येऊन सांगितले. संबंधित कचेरीकडे आम्ही अर्ज दिला, उत्तर आले नाही, म्हणून दुसरा लिहिला. त्यावर भोई आळीतल्या घरांच्या सह्या आहेत, मास्तरांच्या मुलाची आहे, आणि सगळ्यांत वर तात्यांच्या मुलाची आहे. तोही माळकरी आहे.