अदृश्य चर आणि घाटाचा प्रश्न

बकिंगहॅमशायरमधील स्टो येथील प्रासाद आणि त्याचे उद्यान ही एक संहिता आहे, असे मी म्हणतो ते केवळ रूपक म्हणून नव्हे. १७३३ मध्ये पंतप्रधान वॉल्पोलशी बिनसल्यावर लॉर्ड कोबहॅमने आपले राजकारण या उद्यानातच मांडले. विल्यम केंटने रचलेल्या स्मारकातील सोळा अर्धपुतळ्यांत शेक्सपिअर, मिल्टन आणि पोप हे राजे व दर्यावर्दी यांच्या पंक्तीला बसलेले आहेत. प्राचीन सद्गुणांचे मंदिर अभंग उभे राहिले. आधुनिक सद्गुणांचे मात्र मुद्दाम भग्नावस्थेतच बांधले गेले. येथे चालणे म्हणजे वाचणेच होय.

या संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण चिन्ह मात्र दिसत नाही. चार्ल्स ब्रिजमनने उद्यानाच्या सीमेवर ‘हा-हा’ नावाचा खोल चर खणवला. त्याची आतली बाजू भिंतीने उभी बांधलेली, बाहेरची उतरती. गुरे आत येऊ शकत नाहीत. प्रासादाकडून पाहणाऱ्याची नजर मात्र कुठेही न अडता क्षितिजापर्यंत जाते. मालकीची सीमा कायम राहते, फक्त ती दृष्टीआड होते. १७४१ मध्ये येथे आलेल्या लॅन्सलॉट ब्राउनने पुढे देशभर जी ‘नैसर्गिक’ भूदृश्ये घडवली, त्यांनाही अशा चराचा मोठा आधार होता.

उद्यानाच्या मध्यभागी, झाडांच्या आड, एक मध्ययुगीन चर्च आहे. ते ज्या गावाचे होते, ते गाव आता तेथे नाही.

आपल्याकडील कलावाद-जीवनवादाच्या चर्चेत घाट आणि जीवन यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते, असे गृहीत धरले गेले. स्टोपुढे हा पर्याय मला अपुरा वाटतो. हे उद्यान मला सुंदर वाटते आणि ते वाटणे मी मागे घेऊ इच्छित नाही. परंतु ज्या अखंड हिरवळीने मी मोहित होतो, तिचे अखंडत्व त्या चरानेच निर्माण केले आहे. इतिहास येथे घाटाबाहेरचा ‘संदर्भ’ नाही; तो घाटाची कार्यपद्धती आहे. म्हणून आस्वाद आधी आणि सामाजिक चिकित्सा नंतर, हा आपल्या अध्यापनातील क्रम टिकत नाही. चर न पाहणाऱ्याने स्टोचे सौंदर्यही पुरते पाहिलेले नसते. आणि केवळ चरच मोजणाऱ्याला तो कशासाठी खणला, हे उमगत नाही.