काजव्यांच्या गावी

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, म्हटलं की आपल्या घरांत निजामशाही, चांदबीबी आणि मौलाना आझादांना 1942 नंतर जिथे कैदेत ठेवलं तो किल्ला आठवतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, पुरुषवाडी नावाचं महादेव कोळी लोकांचं छोटं गाव आहे. मे संपता संपता वळवाच्या सरी पडल्या की तिथली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लुकलुकू लागतात.

या भागात पावसाच्या भातावर घर चालतं. सुगी झाली की अनेक कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला उतरतात. सुमारे वीस वर्षांपूर्वी ग्रासरूट्स नावाच्या मुंबईच्या कंपनीने या गावाशी मिळून पाहुण्यांचं काम सुरू केलं. इथे हॉटेल नाही. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात, घरं आळीपाळीने ठरतात, वाटाड्या गावातला तरुण असतो. म्हणजे आपण भाकरीचे पैसे देतो ते भाकरी थापणाऱ्या बाईच्या घरात जातात.

आम्ही सहकुटुंब गेलो होतो. मगरिबच्या नमाजसाठी जागा विचारली, तर यजमान बाईंनी ओसरी झाडून धुतलेली गोधडी अंथरली आणि मुलांना म्हणाल्या, "गलका करू नका, पाहुणे नमाज पढतात." जेवायला भाकरी, पिठलं, भात, ठेचा. आधीच शाकाहारी सांगून ठेवलं की हलालची काळजी उरत नाही.

जवळच भंडारदऱ्याला मात्र दुसरं चित्र दिसतं. काजव्यांच्या हंगामात शनिवारी-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, तंबू पडतात, गाणी वाजतात. काजवा उजेड पाडतो तो जोडीदाराला खूण देण्यासाठी. नर उडत चमकतो, मादी खालून उत्तर देते. त्यावर गाडीचे दिवे किंवा मोबाइलची बॅटरी पडली की ती खूणच हरवते. अंडी ओल्या मातीत असतात, तीही पायाखाली जातात.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीसाठी 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आहे: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकामावर. पण वर्षाला 5 कोटी नफा, 1000 कोटींची उलाढाल किंवा 500 कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ), यांपैकी काही असेल तरच तो लागू होतो. तलावाकाठी तंबू ठोकणारा त्यात कुठून येणार? आणि खरं सांगायचं तर, डोंगर ओरबाडून कमावायचं आणि मग शाळेला चार बाक द्यायचे, याला मी जबाबदारी म्हणत नाही. कमाईच कशी होते आणि कुणाच्या हातात पडते, ते आधी बघावं.

म्हणून बुकिंग करताना दरासोबत आणखी दोन-तीन गोष्टी विचारा. स्वयंपाक कोण करतं? वाटाड्या गावचा आहे का? रात्री गाडी झाडांपर्यंत नेतात की चालत? उत्तर द्यायला आढेवेढे घेतले, तर दुसरीकडे बघा. मुलांना बॅटरी न लावता अंधारात दहा मिनिटं बसवा, डोळे सरावतात.

मोठा पाऊस लागला की काजवे संपतात आणि भाताची लावणी सुरू होते. तेव्हाही पाहुण्यांना मनाई नाही, फक्त चिखलात उतरावं लागतं.