झोतातला चेहरा

उजव्या डोळ्याची नजर मंदावली आणि अंधाऱ्या नाट्यगृहात फोकस नटाच्या पापणीवर लागला की नाकावर, याचा निर्णय काचेतून होईनासा झाला, तेव्हा आरशाचा कॅमेरा कपाटात ठेवून मी मिररलेस हाती घेतला. त्याच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र कित्येक पट मोठे करून पापणीचा केस न् केस पाहता येतो, ही सोय माझ्या वयाला वरदान ठरली. परंतु माझे खरे समाधान निराळे आहे.

रंगमंचावरची सारी अडचण झोतातल्या चेहऱ्याची. भोवती काळा पडदा, मध्ये एकच उजळ मुद्रा. मीटर दोहोंची सरासरी काढून त्या पडद्याला करडा करू पाहतो आणि त्या खटाटोपात नटाचे कपाळ, गालाचे हाड, नाकाचा शेंडा पांढरेफटक होऊन जातात. 400 ची ट्राय-एक्स फिल्म 1600 वर पुश करून, मीटरला न जुमानता दीड-दोन स्टॉप कमी देण्याचा अदमास ही माझी मिरासदारी होती. तिचा मला गर्व होता आणि, कबूल करतो, आजही आहे. आता माझी विद्यार्थिनी डायल फिरवते, व्ह्यूफाइंडरमध्ये कपाळावर उमटलेले, जादा प्रकाशाची सूचना देणारे झेब्रा-पट्टे विरताच बटण दाबते, आणि जी विद्या मिळवण्यात माझे तारुण्य गेले तिचे फळ तिला पहिल्याच प्रवेशात लाभते, याचा मला हेवा वाटतो.

आमचे काही समकालीन अद्यापि म्हणतात, की काचेतून येणारा प्रकाशच खरा. पण आरसा वर गेला की नेमका टिपला जाणारा क्षण तेवढा आपल्याला दिसत नसे. 2017 साली सोनीच्या ए9 ने तो अंधार नाहीसा केला, आणि नटाने घेतलेल्या विरामात आरशाचा खटका वाजून प्रेक्षकांनी वळून पाहण्याचा प्रसंगही निःशब्द शटरमुळे टळला. एलईडी दिव्यांखाली त्या शटरने कधी आडवे पट्टे उमटतात, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती सेकंदाला वीस चित्रे घेऊन निवड घरी करणाऱ्यांविषयी. अभिनयाचा क्षण ओळखण्याची जबाबदारी त्यांनी यंत्रावर सोपवली आहे.

नाटकाची छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्या तरुणांनी मिररलेसच घ्यावा. मात्र प्रयोगापूर्वीची एक तालीम प्रकाशयोजनाकाराशेजारी बसून, कॅमेरा पिशवीत ठेवून, उघड्या डोळ्यांनी पाहावी.