स्कूटरवरून आलेला रॉक

तिलारी आमच्या दोडामार्गातून खाली उतरते, हद्द ओलांडून गोव्यात शिरते आणि पेडणे नि बार्देशच्या मधून वाहत शापोरा होते. समुद्राला मिळण्याआधी तिच्या काठावर शिवोली लागते. गायक रेमो फर्नांडिसचं गाव. पूल नव्हते तेव्हा आरोंद्याहून फेरीने किरणपाणीला उतरायचं, पेडण्यातून चोपड्यापर्यंत यायचं, पुन्हा एक फेरी, की समोर शिवोली. मालवणातून मुंबई गाठण्यापेक्षा हे केव्हाही सोपं. तरीही रॉक म्हटलं की आमच्याकडे तो लंडन-अमेरिकेहून येणार, वाटेत मुंबईला थांबणार आणि मग कधीतरी एसटीने कणकवलीला उतरणार, असाच समज होता.

रेमोने मुंबईच्या जे.जे.मधून वास्तुशास्त्राची पदवी घेतली, युरोपात गिटार घेऊन हिंडला आणि परत गावी आला. त्याची गाणी इंग्रजीत, विषय मात्र इथले. रेकॉर्ड कंपन्यांना नेमकं हेच पचेना. इंग्रजी ऐकणाऱ्याला इंग्लंड-अमेरिका हवी, भारतातल्या गोष्टी इंग्रजीत कोण विकत घेणार, असं त्यांचं म्हणणं. हिशेबात ते चूक नसेलही. त्याने मग घरातच बिऱ्हाड मांडलं. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट निघाली, ती शिवोलीच्या घरात चार-ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर भरलेली. वाद्यं सगळी त्याचीच, मागचे आवाजही त्याचेच, कव्हरही त्यानेच केलेलं.

पोर्टास्टुडिओ हे यंत्र मोठं गमतीचं. साध्या कॅसेटच्या फितीवर दोन बाजूंना मिळून जे चार पट्टे असतात, ते चारही हे एकाच दिशेने वापरतं आणि फीत दुप्पट वेगाने पळवतं. पण चार पट्ट्यांत अख्खा वाद्यवृंद मावायचा कसा? तीन पट्टे भरायचे, तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून पुन्हा नवं भरायला मोकळे. दर उतरवणीला फितीची सुरसुर थोडी वाढते. आणि एकदा उतरवलं की मागे फिरणं नाही. ढोल जड झाला तर तो जन्मभर जड. घरी एकट्याने अल्बम करायचा म्हणजे कानाने आधीच पुढचं ऐकून ठेवायला लागतं. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बमही असाच घरी, चार ट्रॅकवर भरलेला. तो खरं तर कच्चा खर्डा होता. बँड घेऊन पुन्हा वाजवून पाहिला, जमेना, म्हणून खर्डाच बाजारात आणला. पण त्याच्या पाठीशी कोलंबिया कंपनी होती. इकडे पाठीशी नदी.

आणि स्कूटर. कॅसेट तयार झाल्यावर रेमो ती स्कूटरवर घालून दुकानोदुकानी फिरला. स्वतः गायचं, स्वतः भरायचं आणि स्वतःच दुकानदाराला विचारायचं, किती ठेवू? मला या अल्बममधला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो. समीक्षक पेपरात चार ओळी लिहून मोकळा होतो. दुकानदार समोर उभं राहून तोंडावर नाही म्हणतो. गोव्याच्या दुकानदारांनी हो म्हटलं. कॅसेट खपली, पुन्हा मागवली गेली, आणि न खपणारा माल गोवाभर वाजू लागला.

आमच्याकडे ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आली, हरमलच्या मिरच्यांच्या पिशवीत. पडवीत टेप लावला. टेलिफोन धड चालत नाही म्हणून ग्रॅहॅम बेललाच उद्देशून म्हटलेलं गाणं सुरू झालं. कोणीतरी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा काका सुपारी कातरता कातरता थांबले. म्हणाले, “ह्यो आपलोच कोणतरी दिसता रे. कागाळीच करता, पण इंग्लिशीत.” मी या अल्बमवर बरंच वाचलंय, पण इतकं नेमकं परीक्षण दुसरं सापडलं नाही. ट्रंक कॉल बुक करून दुपार घालवलेल्या माणसाला त्या गाण्यातलं आणखी काय समजावून सांगायचं?

सगळीच गाणी त्या ताकदीची होती असं नाही. काही विनोद त्या वर्षापुरतेच होते, काही यमकं ओढूनताणून आणलेली. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, जुन्या कोकणी गाण्यांची ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली, आणि शब्द कळतात म्हणून घरात तीच जास्त वाजली. मला मात्र पहिलीचीच ओढ. खाऱ्या हवेत कॅसेटचं एक ठरलेलं दुखणं असतं. आतल्या पितळी पट्टीवर फेल्टचा एक तुकडा चिकटवलेला असतो, तो फीत हेडवर दाबून धरतो. पावसाळ्यात त्याचा गोंद सुटतो, तुकडा गळून पडतो, आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. मग पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं श्वास रोखून उचलायची आणि दुसऱ्या एखाद्या टाकाऊ कॅसेटच्या डबीत बसवायची. आमचा ‘गोअन क्रेझी’ असा शेवटी भजनाच्या डबीत राहायला गेला. पाहुण्यांनी भक्तिभावाने लावला की मजा यायची.

पुढे नाव झालं. ‘त्रिकाल’, ‘जलवा’ हे चित्रपट, नंतर ‘हम्मा हम्मा’ हे गाणं, २००७ ला पद्मश्री. पण मला आठवतो तो राजीव गांधींचा किस्सा. पंतप्रधान गोव्यात आले असताना रेमोने त्यांच्यासमोर त्यांनाच हाक मारून गाणं म्हटलं, आणि इथली गाऱ्हाणी सांगितली. पाहुण्याचा अपमान झाला म्हणून काहींनी गहजब केला. रेमोने पेपरांतली कात्रणं थेट दिल्लीला पाठवली. तिकडून उत्तर आलं की गाणं आवडलं. त्याबरोबर इकडचा आवाज बसला.

असंच एक पत्र आमच्याही वाट्याला आलेलं. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ १९८० ला आलं तेव्हा गल्ला यथातथाच होता. पु. ल. देशपांड्यांनी कौतुकाचं पत्र लिहिलं आणि नाटकाचं नशीब पालटलं; नट मच्छिंद्र कांबळींनी मग त्याचे हजारो प्रयोग केले. त्याचीही कॅसेट घरोघरी वाजली. आपली बोली चांगली आहे हे आपल्याला बाहेरच्याने लिहून कळवावं लागतं, याची मला थोडी चीड येते. शिवोलीकराने निदान पत्राआधी कॅसेट विकून दाखवली होती.

आता फोनवरच हवे तेवढे ट्रॅक फुकट मिळतात, फीत नाही, सुरसुर नाही. दशावतारात रात्रभर पायपेटी आणि पखवाज ऐकत वाढलेल्या एखाद्या पोराने मालवणीत रॉक करावा अशी माझी फार इच्छा आहे. विषयांना तोटा नाही: एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी, पर्ससीन जाळी, पहिल्याच पावसात जाणारी वीज, न येणारी एसटी. टेलिफोनसुद्धा अजून चालेल. आमच्या वाडीत रेंज फक्त मागच्या फणसाखाली मिळते, आणि तिथेही आधीपासून कोणीतरी बोलत उभं असतं.